फ्रेंच चांदीवरचा शंकरपाळा कसा वाचायचा

फ्रान्समध्ये उन्हाळा लागला की गावोगावी रविवारी ‘व्हीद-ग्रनिए’ भरतात. शब्दशः अर्थ ‘माळा रिकामा करणे’. घरातल्या माळ्यावरचं, तळघरातलं, आजीच्या कपाटातलं सगळं रस्त्याकडेच्या टेबलांवर येतं. त्यात एखाद्या पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात काळे पडलेले काटे-चमचे हमखास असतात. त्यातला एखादा चांदीचा असतो आणि ते विकणाऱ्याला ठाऊक नसतं, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा त्याला चांगलं ठाऊक असतं. तरीही डबा चाळायचा असतोच.

नव्याने हा नाद लागलेला माणूस पहिली चूक करतो ती अशी, की छाप दिसली रे दिसली की तो अक्षरं वाचायला बसतो. ‘ए. सी. आहे की ए. जी.?’ मग फोन काढतो, शोधतो, दहा नावं सापडतात आणि डोकं भणाणतं. मीही दोन वर्षं तेच केलं. फ्रेंच चांदीवर अक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची असतात. आधी चौकटीचा आकार, मग जवळच छापलेलं मस्तक, म्हणजे सरकारी खूण, मग चिन्ह आणि त्यानंतर अक्षरं. हा क्रम पाळला तर निम्मं काम भिंग डोळ्याला लावायच्या आतच होतं.

सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसं घडीचं. एक छोटी टॉर्च घ्या. वही-पेन्सिल घ्या, कारण छाप हाताने काढून पाहिल्याशिवाय ती नीट दिसत नाही. चुंबक नेलंत तरी त्यावर विसंबू नका. पितळही चुंबकाला चिकटत नाही आणि आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो मिश्रधातूही सहसा चिकटत नाही. या धातूला फ्रेंचमध्ये ‘माय्शॉर’ म्हणतात. ल्योंच्या दोन कारागिरांची नावं जोडून तो शब्द झाला. त्यात चांदी औषधालाही नसते.

आणि वस्तू घासू नका! काळेपणा छापेच्या खोलगट भागात साचलेला असतो आणि तोच रेषा दाखवतो. घासून लख्ख केलेली छाप वाचायला दुप्पट अवघड जाते.

पायरी पहिली: आकार

छाप असते इवलीशी, दोन-तीन मिलिमीटरची. काट्या-चमच्यांवर ती दांड्याच्या मागच्या बाजूला शोधा. चहादाणीवर बुडाला किंवा काठाजवळ, चाकूवर मुठीच्या टोकाशी असलेल्या कड्यावर. सापडली की एकच प्रश्न विचारा: चौकट कसली आहे?

शंकरपाळा असेल, उभा किंवा आडवा, तर थांबा. ती मौल्यवान धातूवरची कारागिराची छाप आहे. फ्रेंचमध्ये या आकाराला ‘लोझांज’ म्हणतात. क्रांतीनंतरच्या नव्या पंचांगातल्या 19 ब्रुमेर, सहावे वर्ष, म्हणजे 9 नोव्हेंबर 1797 च्या कायद्याने सोन्या-चांदीच्या प्रत्येक कारागिराला हा आकार बांधून दिला. आत त्याच्या नावाची अक्षरं आणि त्याचं स्वतःचं एक चिन्ह. तो नियम आजही चालू आहे.

चौकोन असेल तर तो मुलामा आहे. वस्तू ठेवून द्या, किंवा आवडली म्हणून घ्या, पण चांदीच्या भावाने घेऊ नका. जुन्या मुलाम्यावर लांबट किंवा अंडाकार चौकटीही दिसतात, पण शंकरपाळा दिसत नाही. मुलाम्याच्या फ्रेंच वस्तूंमध्ये तुम्हाला सर्वाधिक भेटेल ते क्रिस्टोफ्ल हे नाव. शार्ल क्रिस्टोफ्ल यांनी 1842 मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे हक्क मिळवले आणि मध्यमवर्गाच्या जेवणाच्या टेबलावर चांदीचा भास नेऊन ठेवला. त्यांच्या छापेत तराजू असतो. तराजू बघून लोकांना वाटतं, ही कसाची, म्हणजे शुद्धतेची, खूण असेल. तसं काही नाही, ते त्या घराण्याचं चिन्ह आहे.

इथे माझी फजिती सांगतो. पहिल्याच उन्हाळ्यात मी सहा चमचे घेतले. त्यावर स्पष्ट 84 असा आकडा होता. 84 हा जुन्या रशियन चांदीचा कस, एवढं मला वाचून माहीत होतं. म्हणजे झारच्या काळातले चमचे! रात्रभर आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी भिंग लावलं तर आकड्याशेजारी चौकोन आणि चौकोनात तराजू. फ्रेंच मुलाम्यावर 84 चा अर्थ असा, की बारा काटे आणि बारा चमच्यांवर मिळून 84 ग्रॅम चांदी चढवलेली आहे. म्हणजे नगाला साडेतीन ग्रॅम. ते चमचे अजून आमटीच्या वाटीत रोज असतात आणि त्यांना बघून बायको ‘झार जेवायला आले’ म्हणते.

‘रुओल्झ’, ‘आल्फेनीद’, ‘मेताल ब्लां’ असे पूर्ण शब्द छापलेले दिसले तरी समजा मुलामा.

अंडाकृती चौकट अस्सल चांदीवरही असू शकते. बाहेरून आयात केलेल्या मालावर जबाबदार व्यापाऱ्याची छाप त्या आकारात असते. ती वस्तू फ्रान्समध्ये विकली गेली, घडली मात्र दुसरीकडे.

पायरी दुसरी: मस्तक

शंकरपाळा एकटा कधी पुरेसा नाही. तो कारागिराने स्वतःच्या कारखान्यात मारलेला असतो, म्हणजे तो त्याचा शब्द. त्या शब्दावर सरकारी कचेरीने केलेलं शिक्कामोर्तब जवळपास कुठेतरी असलंच पाहिजे.

10 मे 1838 पासून ते मस्तक मिनर्व्हाचं आहे. शिरस्त्राण घातलेली रोमन देवी, आपल्या उजवीकडे बघणारी. आठ कोनी चौकट आणि कपाळासमोर 1 आकडा असेल तर जुन्या मालावर हजारात 950 भाग चांदी. हनुवटीखाली 2 असेल आणि चौकट पिंपासारखी फुगीर असेल तर 800. आकडा झिजून गेला असला तरी चौकटीचा आकार शिल्लक राहतो, म्हणून तोच लक्षात ठेवा. शिरस्त्राणाला पंख दिसले तर ती मिनर्व्हा नव्हे, तो मर्क्युरी. ती निर्यातीच्या मालाची खूण.

छोट्या वस्तूंवर देवी मावत नाही. तिथे रानडुकराचं मुंडकं किंवा खेकडा येतो, दोन्ही 800 चे. रानडुक्कर पॅरिसच्या कचेरीचं, 1962 पर्यंत. खेकडा बाकी प्रांतांचा. साखरेचा चिमटा, अंगुस्तान, मिठाची चमची अशा गोष्टींवर ही प्राणिसंपदा भिंगाशिवाय दिसतच नाही. मला तर खेकडा पहिल्यांदा सापडला तेव्हा तो ओरखडा वाटला होता.

1838 च्या आधी जा. 1819 ते 1838 पॅरिसच्या उंची चांदीवर दाढीवाल्या म्हाताऱ्याचं मस्तक. त्याआधी, 1798 पासून 1819 पर्यंत, कोंबडा. कोंबडा दिसला की आवाज न करता पाकीट काढावं.

हंस किंवा भुंगेऱ्यासारखा किडा दिसला तर उलटा अर्थ. दोन्ही 1893 पासूनच्या खुणा. किडा आयात मालाचा. हंस आयातीवरही मारत आणि लिलावात आलेल्या, मूळ ठाऊक नसलेल्या वस्तूंवरही. मग तिथे फ्रेंच कारागीर शोधत बसू नये.

आता मस्तक खरं आहे हे कसं ओळखायचं, तर वस्तू उलटी करा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. 1819 पासून सरकारी कचेरीत चमचा ज्या छोट्या ऐरणीवर ठेवत, तिच्या पृष्ठभागावर बारीक किड्यांची नक्षी कोरलेली असे. तिचं नाव ‘बिगॉर्न’. वरून हातोडा पडला की एका बाजूला मिनर्व्हा उमटायची आणि त्याच क्षणी बरोबर मागच्या बाजूला किड्यांचे पाय, पंख, शरीरावरचे पट्टे. नकली ठसा बनवणाऱ्याला देवी कोरता येईल, पण तिच्या पाठीमागची ऐरण कुठून आणणार? चमच्याचा दांडा तिरक्या उजेडात धरा, मिनर्व्हाच्या बरोबर विरुद्ध जागी बोट ठेवा, मग बोट काढून भिंग लावा. आधी काहीच दिसत नाही. मग टॉर्च थोडी खाली आणली की आडव्या रेषांचे ठिपके उठतात, आणि एकदम लक्षात येतं की हे खरचटणं नाही, कुणीतरी मुद्दाम कोरलेलं पोट आहे. फार झिजलेल्या वस्तूवर हे गेलेलं असतं, तेव्हा नसणं हा खोटेपणाचा पुरावा मानू नका. असणं मात्र मोठा दिलासा.

शंकरपाळ्याच्या मागे किडे नसतात. तो कारागिराने स्वतःच्या ऐरणीवर मारलेला असतो.

पायरी तिसरी: चिन्ह

मिनर्व्हा 1838 पासून आहे. याचा अर्थ ती कस सांगते, काळ जवळपास सांगतच नाही. तुमच्या आजीच्या लग्नातला चमचा आणि तिच्या आजीच्या लग्नातला चमचा, दोन्हींवर तीच देवी. काळ सांगतो शंकरपाळा. प्रत्येक कारागिराचा ठसा नोंदवला जायचा, व्यवसाय बंद झाला की रद्द व्हायचा. नाव सापडलं की त्याच्याबरोबर साल सापडतं. म्हणून ही एवढी धडपड.

अक्षरं तीच असलेले कारागीर डझनभर असतात. त्यांना वेगळं करतं ते मधलं चिन्ह: तारा, चंद्रकोर, जहाजाचा नांगर, किल्ली, मधमाशी, गुलाब, हातोडा, फुलदाणी. या चिन्हांची फ्रेंच नावं कागदावर लिहून ठेवा, कारण छापील कोश आणि लिलावांच्या याद्या चिन्ह शब्दांत सांगतात. एत्वाल म्हणजे तारा, क्र्वासां म्हणजे चंद्रकोर (हो, तोच खायचा क्र्वासां), आंक्र म्हणजे नांगर, क्ले म्हणजे किल्ली, आबेय म्हणजे मधमाशी.

चिन्ह कधीकधी गोष्ट सांगतं, आणि ती ऐकली की छाप विसरत नाही. नेपोलियनचा सोनार मार्तँ-गियोम ब्येने याच्या छापेत ‘बी’ आणि माकड आहे, कारण पॅरिसच्या सँतोनोरे रस्त्यावरच्या त्याच्या दुकानाचं नावच ‘जांभळं माकड’ होतं. ज्याँ-बातीस्त-क्लोद ओद्यो याच्या छापेत पूर्ण आडनाव आणि तेलाचा दिवा. प्युइफोर्का घराण्याची सुरुवात 1820 मध्ये चाकूंच्या धंद्याने झाली. त्यांच्या शंकरपाळ्यात ‘ई’ आणि ‘पी’ यांच्या मध्ये घडीचा चाकू आहे.

हे शेवटचं नाव मराठी माणसाला परकं नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात माणिकबाग राजवाडा अगदी नव्या पद्धतीने सजवला, तेव्हा जेवणाच्या टेबलावरची चांदी ज्याँ प्युइफोर्का यांच्याकडची होती. होळकरांच्या घरच्या काट्याचमच्यांवर तो चिमुकला चाकू असणार, ही कल्पना मला दर वेळी ‘ई-पी’ दिसले की येते.

चिन्ह झिजलेलं असेल तर दोन युक्त्या. पहिली, छापेवर हलका श्वास सोडा. वाफ उडून जाताना क्षणभर रेषा उठून दिसतात. दुसरी जरा घरगुती: निरांजनाच्या ज्योतीवर छापेची जागा दोन सेकंद धरा, काजळी धरू द्या, थंड झाल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून अलगद काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. छाप कागदावर येते, मग हवी तेवढी मोठी करून बघा. चाकूच्या मुठीवर हा प्रयोग चुकूनही करू नका. त्या मुठी पातळ पत्र्याच्या असतात आणि आत राळेसारखं भरण असतं. गरम झालं की पातं हातात आणि मूठ टेबलावर.

पायरी चौथी: अक्षरं

आता अक्षरं वाचा. पहिलं अक्षर बहुधा नावाचं, दुसरं आडनावाचं, पण भागीदारी असेल तर दोन्ही आडनावांची. ‘फ्रेर’ म्हणजे बंधू, ‘फिस’ म्हणजे पुत्र, ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. हा शेवटचा शब्द बराच दिसतो, कारण नवऱ्यामागे कारखाना चालवणाऱ्या बायका या धंद्यात पुष्कळ होत्या. जुन्या छापांत जे ऐवजी आय आणि यू ऐवजी व्ही येतो, तेही ध्यानात असू द्या.

नाव सापडलं तरी एक गोष्ट पक्की समजा: शंकरपाळा जबाबदार कोण ते सांगतो, हातोडा कुणी चालवला ते नाही. मोठे कारखानदार छोट्या कारागिरांकडून माल करून घेत. आणि बुडावर सुबक अक्षरांत कोरलेलं पूर्ण नाव-पत्ता हा बहुतेक वेळा दुकानदाराचा असतो.

राजांच्या काळातली चांदी

मुकुट, त्याखाली कमळासारखं फ्लर-द-लिस, दोन बारीक ठिपके, अक्षरं आणि चिन्ह, शंकरपाळा नाही: ही क्रांतीपूर्व पॅरिसच्या कारागिराची छाप. ते दोन ठिपके नुसती शोभा नव्हे. तेव्हा शुद्ध चांदी 12 दन्ये मानत आणि एका दन्येत 24 ग्रेन, म्हणजे एकूण 288. पॅरिसचा कस होता 11 दन्ये 12 ग्रेन, म्हणजे 276, आजच्या हिशेबात हजारात 958. त्यात दोन ग्रेन इकडेतिकडे चालत. ठिपके त्या दोन ग्रेनांचे. सोनाराला दिलेली सवलत सोनाराच्याच छापेत कायमची कोरून ठेवायची, ही राजाच्या कारभाराची खास तऱ्हा.

त्या काळात एका वस्तूवर चार छापा असत. कारागिराची एक. अर्धवट घडलेल्या वस्तूवर करवसुली मक्तेदाराची एक, पॅरिससाठी त्यात ‘ए’ अक्षर असे. कस तपासणाऱ्या सोनारांच्या संघाची एक, दर वर्षी बदलणाऱ्या अक्षराची, म्हणून तिच्यावरून साल काढता येतं. आणि कर भरल्यावर सुटकेची एक छोटीशी. यातल्या चारही जुळल्या पाहिजेत. तोमा जेर्मँ याचं ‘टी-जी’ आणि सोनेरी मेंढीचं कातडं, मुलगा फ्रांस्वा-तोमा याचं ‘एफ-टी-जी’ आणि तेच कातडं, अशी नावं संग्रहालयात पाहायची. बिस्किटांच्या डब्यात ती यायची नाहीत. चौदाव्या लुईने 1689 मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायची चांदीची टेबलं-खुर्च्यासुद्धा वितळवली, पुढे 1709 आणि 1759 मध्येही भट्ट्या पेटल्या. उरलं ते थोडंच.

आणि तरीही मुकुट-कमळाच्या छापा बाजारात भरपूर दिसतात. त्यातल्या पुष्कळशा जर्मनीतल्या हानाऊ गावच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे जुन्या फ्रेंच धाटणीची चांदी घडवत आणि जुन्या छापांसारख्या दिसणाऱ्या काल्पनिक छापा त्यावर मारत. गुबगुबीत देवदूत, गुलाबांच्या माळा आणि एका रांगेत तीन-चार मुकुट दिसले की सावध व्हा. शेजारी नुसता 800 आकडा असेल तर शंकाच नको. फ्रान्समध्ये कस मस्तकाने सांगत, असा 800 चा आकडा छापून नाही.

घेण्याआधी

चहादाणी असेल तर झाकण, दांडा, बूड, प्रत्येक सुट्या भागावर खूण शोधा. अंगावर मिनर्व्हा आणि झाकण कोरं, तर झाकण दुसऱ्याच घरचं असू शकतं. डझनभर काटे असतील तर सगळ्यांवरच्या छापा शेजारी ठेवून बघा. हाताने मारलेली छाप दर नगावर थोडी सरकते, थोडी तिरकी होते. बाराच्या बारा काट्यांवर ती केसभरही न हलता त्याच जागी, त्याच मऊ कडांची असेल, तर एका काट्याचा साचा करून बाकीचे ओतलेले आहेत. छापेभोवती श्वास सोडल्यावर गोल किंवा चौकोनी सांध्याची रेषा दिसली, तर दुसऱ्या वस्तूवरची छाप कापून इथे डाग देऊन बसवली आहे.

आणि नाहीच वाचता आलं, तर वहीत जसं दिसतं तसं काढून ठेवा: आडवा शंकरपाळा, डावीकडे एल, मध्ये काहीतरी टोकदार, उजवीकडे बी किंवा आर. माझ्या वहीत अशी चार पानं आहेत. मागच्या हिवाळ्यात एका मिठाच्या चमचीवर तोच ठसा धडधाकट स्थितीत मिळाला. टोकदार ते नांगराचं टोक निघालं, उजवीकडचं अक्षर आर, आणि तीन वर्षांपूर्वीच्या पानावर पेन्सिलीने नाव लिहिता आलं.